माणूस नंबर दोनची पाठ

आमच्या घरात दुपारी दोनला कोणाला मरायचं असेल तर त्याने अडीचपर्यंत थांबावं. दोन ते अडीच टीव्हीवर ‘माणूस नंबर दोन’ लागतं आणि तेवढ्या वेळात माझ्या सासूबाई, कांताबाई, कोणासाठी म्हणून उठत नाहीत. मी सकाळच्या शाळेत शिकवते. एकला घरी येते, स्वतःचं ताट स्वतः वाढून घेते आणि पापड मोडायचा झाला तर स्वयंपाकघरात जाऊन मोडते.

मालिका अठ्ठ्याऐंशी सालची. तेव्हा दर मंगळवारी रात्री लागायची, आता एका चॅनेलने जुनी भांडी घासून मांडावीत तशी ती रोज दुपारी मांडलीय, भाग संपले की पुन्हा पहिल्यापासून. गोष्ट दर वेळी तीच. एखाद्या भल्या माणसाच्या जागी हुबेहूब त्याच्यासारखा यंत्रमानव येऊन बसतो. कधी पोस्टमनच्या जागी, कधी डॉक्टरच्या, कधी बँकेच्या मॅनेजरच्या. घरच्यांना काही कळत नाही. तो वेळेवर घरी येतो, वाढलेलं खातो, उलट बोलत नाही. मला विचाराल तर संशय यायला एवढं पुरेसं होतं. शेवटी इन्स्पेक्टर येतो, त्याला भिंतीकडे तोंड करून उभा करतो, शर्ट वर करतो आणि पाठीवरचं झाकण उघडतो. आत वायरी. मग ते ढँण करून संगीत.

माझे सासरे दगडू विश्राम येलवे यांचं म्हणणं असं की झाकण असलेली ती पाठ त्यांची आहे.

आणि सासूबाईंचं म्हणणं असं की नाही.

आमच्या घरात भांडण म्हणाल तर एवढंच. माझ्या लग्नाआधीपासून ते चालू आहे आणि माझा नवरा प्रफुल्ल त्यावर ‘जाऊ दे ना’ यापलीकडे गेली कित्येक वर्षं गेलेला नाही.

बाबांची हकीगत मी इतक्यांदा ऐकलीय की मीही सांगू शकते. बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत होते. त्या वेळी आत कुठला रंग चाललाय हे बाहेर चहावाल्याला कामगारांच्या कानांवरून कळायचं. बाबा पोती वाहायचे. पोत्यातली पूड घामात बसायची आणि साबण संपला तरी निघायची नाही. अठ्ठ्याऐंशी साली कंपनीत एक निळसर करडा रंग चालला होता. शेजारच्या बंद शेडमध्ये मालिकेचं शूटिंग होतं. यंत्रमानवाची पाठ म्हणून आणलेल्या नटाच्या अंगावर चंदेरी रंग फासायचे आणि दिव्यांच्या उष्णतेने तो ओघळून चड्डीत जायचा. दिग्दर्शक डोकं धरून बाहेर आला तर समोर पाळी सुटल्यावर नळाखाली आंघोळ करणारे बाबा. निळसर करडी पाठ, आणि पाण्याने पण जात नाही!

“असा मला धरूनच नेला त्यांनी,” बाबा सांगतात. “म्हणाला, या माणसाला काही लावू नका. तेव्हा सगळ्यांचे टीव्ही काळेपांढरे. अस्सल लोखंड वाटायचं.”

तेरा भागांत तेरा यंत्रमानव, पण पाठ सगळ्यांना एकच, बाबांची. काडीपैलवान डॉक्टरलाही तीच रुंद पाठ. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण लोक घाबरण्यात गुंतले होते. चेहऱ्याचे नट होते त्यांची नावं पडद्यावर यायची. पाठीचं नाव आलं नाही.

आता हे सगळं खरं असलं तरी सासूबाईंचा तरी काय दोष? बाबांनी लग्न ठरताना सांगितलं होतं की खोलीला गॅलरी आहे. सासूबाई कल्याणहून नव्या नवरीच्या तोऱ्यात डोंबिवलीला आल्या, गॅलरीत ठेवायला तुळशीची कुंडी घेऊन, आणि बघतात तर चाळीचा सामायिक व्हरांडा, तोही शेवटच्या संडासापर्यंत जाणारा. त्या दिवसापासून आमच्या घरात थापेला गॅलरी म्हणतात. बाबा म्हणाले, आज बाजारात भेंडी स्वस्त होती, तर सासूबाई म्हणतात, “हो, आणि गॅलरी.” लग्नापर्यंत बाबांची बदली बॉयलरकडे झाली होती. रंग उतरला होता. मग नव्या बायकोला सांगितलं, मंगळवारच्या मालिकेतली ती पाठ माझी. त्यांनी कुंडीकडे बघितलं आणि विषय संपला.

या वर्षी मालिका परत लागली तेव्हा बाबांना वाटलं, आता मोठा टीव्ही आहे, आता पटेल. झाकण उघडलं की ते कोचावरून बोट दाखवायचे. “मी!” सासूबाई आवाज वाढवायच्या. इन्स्पेक्टरच्या बायकोच्या जागी यंत्रमानव आला त्या भागाला तर कहर झाला.

“ही पण तुम्हीच का?” सासूबाईंनी विचारलं.

बाबा अगदी हळू म्हणाले, “हो.”

“तिने ब्लाउज घातलाय.”

“माझ्याच मापाचा शिवलेला,” बाबा म्हणाले. “पाठीवरचे केस वस्तऱ्याने काढलेले. एवढी वर्षं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कांता. खोटं बोलायचं असतं तर हे कशाला बोललो असतो?”

मला तेव्हाच बाबांचं शंभर टक्के पटलं. आपल्या अब्रूला भोक पाडून कोणी थाप मारत नाही. मी सासूबाईंकडे बघितलं आणि मला एक भलतीच गोष्ट दिसली. त्यांनी पदर डोळ्यांवर घट्ट दाबून धरला होता. दुसऱ्या दिवशी मुद्दाम लक्ष ठेवलं. इन्स्पेक्टरने शर्टाला हात घातला की पदर डोळ्यांवर, संगीत वाजलं की पदर खाली.

“आई, तुम्ही झाकण बघतच नाही?”

“मला त्या वायरी बघवत नाहीत. आतडी निघाल्यासारखी वाटतात.”

“कधीच नाही बघितलं? अठ्ठ्याऐंशीपासून?”

“नाही.”

“मग ती पाठ बाबांची नाही हे तुम्हाला कसं ठाऊक?”

“थाप ओळखायला बघायला कशाला लागतं गं?” त्या म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या. मला इतका राग आला की वर्गात असते तर अंगठे धरायला लावले असते. सासूला काय धरायला लावणार?

मग चॅनेलने जाहीर केलं की मालिका नव्याने येतेय आणि त्याआधी जुन्या मालिकेतल्या त्या अज्ञात पाठीचा शोध घ्यायचाय. दावेदारांनी फोटोसह यावं. खऱ्या पाठीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. मी बाबांचा अर्ज भरला. फोटो काढायला बाबांनी सदरा काढला नाही, म्हणाले प्रत्यक्षच दाखवू. चॅनेलवाल्यांना तेही चाललं, कारण दावेदार फक्त चारच निघाले होते.

त्यांतल्या एकाची मुलाखत चॅनेलवर रोज दाखवू लागले. बाळकुमचे गोविंदा शेठ. पूर्वी घरचं मिठागर, आता त्या जमिनींवर टॉवर. शेठ गळ्यात साखळी घालून म्हणायचे, “टेंभी नाक्याच्या हंडीला मी खालच्या थराला असायचो. तितंच बघितलान त्यांनी मना. एक डाव दाढीवाला मानूस आलता, माजे पाठीचं फोटू काढून गेला. ती पाठ माजीच हाय.” आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी सगुणाबाई मान डोलावून म्हणायच्या, “त्यांचीच. दुसऱ्या कोनाची आसंल?”

हे बघून बाबा जेवले नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, “स्वप्ना, तो माणूस खोटं बोलत नाहीये. त्याला खरंच तसं वाटतं. पण बघ, चुकीच्या माणसाची बायको कशी ठाम आहे. आणि मी खरा असून...” मग ताट बाजूला सारून म्हणाले, “मला शाल नको, नारळ नको. घरात आहेत नारळ. तिने एकदा म्हणावं, हो, तुमचीच. बास. मग मी मेलो तरी चालेल.”

“अडीचनंतर,” मी म्हटलं. ते हसले नाहीत. मलाही मग रडायला आलं. एवढं साधं मागणं आणि एवढी वर्षं ते कोणी पुरं केलं नाही, मी धरून.

कार्यक्रम रविवारी सकाळी, बाळकुमला, गोविंदा शेठच्याच लॉनवर. सासूबाई यायला तयार झाल्या त्या इन्स्पेक्टरची खरी टोपी तिथे ठेवणार होते म्हणून. प्रफुल्लने गाडी माणकोली पुलावरून घातली. पूर्ण रस्ता बाबा पाठ सीटला न टेकता बसले होते, मी पावडर लावली होती ती पुसली जाऊ नये म्हणून.

लॉनवर हळदीचा मांडव असावा तसा थाट. चॅनेलची करिश्मा नावाची मुलगी माईक घेऊन पळत होती. तिने नियम सांगितले. स्टेजवर काळ्या फळीत पाच चौकटी. प्रत्येक चौकटीत एक पाठ, मानेपासून कमरेपर्यंत, डोकं दिसणार नाही. बायकांनी एकेक करून यायचं आणि आपल्या नवऱ्याची पाठ ओळखायची. जिला ओळखता येणार नाही, तिच्या नवऱ्याचा दावा बाद.

“यातून काय सिद्ध होणार?” मी विचारलं. “पाठ त्या नवऱ्याची आहे एवढंच ना?”

“मॅम, इमोशन है ना,” करिश्मा म्हणाली. “आणि ट्विस्ट पण आहे. दावेदार चार, चौकटी पाच. पाचवा आमचा रोबो.”

रोबो बघायला मी स्टेजच्या मागे गेले. तो बनवणारा अपूर्व नावाचा पोरगेला कलादिग्दर्शक त्याच्या कमरेखालचा स्क्रू पिळत होता. रोबोला चेहरा नव्हता. पण पुढून हंडा उलटा ठेवल्यासारखा दिसणारा तो मागून मात्र अगदी माणूस होता. रबरी कातडी, तिच्यावर बारीक लव, आणि आत मोटर लावल्यामुळे पाठ श्वास घेत होती. मला शिसारी आली आणि कौतुकही वाटलं.

“पाठ काय सुंदर बनवलीत,” मी म्हटलं.

“कातडी माझी, आकार जुनाच,” अपूर्व म्हणाला. “मालिका काढणाऱ्या जुन्या कंपनीच्या गोदामात प्लास्टरचा साचा मिळाला. झाकण नीट बसावं म्हणून त्यांनी तेव्हा त्या माणसाच्या पाठीचा साचा घेतला होता.”

“कुठल्या माणसाच्या?”

“मॅडम, तोच तर शोधतोय ना आपण!”

म्हणजे बाबा खरे असतील तर त्या फळीत बाबांच्या पाठी दोन. एक आत्ताची आणि एक अठ्ठ्याऐंशीची. मी पळत पुढे आले. सासूबाईंना सांगावं का? पण सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, सासऱ्याची गॅलरी पुरली नाही म्हणून आता सुनेचीही. मी तोंड बंद ठेवलं.

पडदा सरकला. पाच पाठी. पहिल्या पाठीवर अख्खा सिंह गोंदलेला. दुसरी बाबांची, मी पावडर लावलेली, मणके मोजून घ्यावेत अशी, खांदे पुढे पडलेले. तिसरी आडवी ऐसपैस. चौथी कल्याणच्या एका निवृत्त पीटीच्या सरांची, उगाच ताठ. आणि पाचवी ती रुंद, तरुण, शांतपणे श्वास घेणारी. आजूबाजूच्या बायका पाचवीकडेच बघत होत्या, खोटं कशाला बोला.

सगुणाबाई आधी गेल्या. त्यांना एक क्षणही लागला नाही. “यो तीन नंबर आमचा. रोज तेल चोलतंय ना मी? मना नाय कलनार त कोनाला कलंल?” टाळ्या झाल्या. सिंहवाल्याच्या बायकोने सिंह ओळखला. पीटीच्या सरांच्या पत्नी आल्याच नव्हत्या, त्यांचा दावा तिथेच बाद.

मग कांताबाई येलवे. त्या स्टेजवर गेल्या आणि सगळ्यात आधी त्यांनी पदर डोळ्यांवर दाबला.

“आजी, डोळे उघडा ना!” करिश्मा म्हणाली.

“झाकण उघडणार असेल तर आधी सांगा.”

“नाही उघडणार, प्रॉमिस.”

पदर खाली आला. त्या पहिल्या चौकटीपाशी गेल्या, सिंहाला म्हणाल्या, “छे!” दुसरीपाशी थांबल्या. मी प्रफुल्लचा हात इतका दाबला की तो ओरडला. सासूबाईंनी नीट खालपासून वरपर्यंत बघितलं, त्यांच्या चेहऱ्यावर दया आली, आणि त्या माईकमध्ये म्हणाल्या, “हे कोणाचे तरी म्हातारे बाबा आहेत. किती वेळ उभं केलंय त्यांना? बसायला द्या कोणीतरी.”

दोन नंबरची पाठ थोडी हलली. मग हलली नाही.

तिसरी, चौथी, करत त्या पाचवीपाशी आल्या आणि तिथे त्यांचं चालणंच बदललं. पदर खांद्यावर ओढून घेतला. पुढे वाकून बघितलं, बाजूला होऊन बघितलं. माझ्या सासूबाई लाजत होत्या. मी त्यांना लाजताना कधी बघितलं नव्हतं, प्रफुल्लनेही नाही, त्याने तर मान खाली घातली.

“हे आमचे,” त्या म्हणाल्या.

“शुअर, आजी?”

“अगं, लग्नानंतर या पाठीमागूनच तर चालत आले मी डोंबिवली स्टेशनपासून खोलीपर्यंत. हातात कुंडी होती माझ्या. पोतं एकाच खांद्यावर घ्यायचे, म्हणून हे डावं हाड वर आलेलं. बघ ना. पूर्ण रस्ता मी हे हाडच बघत होते.” आणि मग आवाज खाली घेऊन, रोबोला, “अहो. चला आता, झालं यांचं.”

रोबोने श्वास घेतला.

करिश्मा मोठ्याने हसली. “ओह नो! आजी, हा तर आमचा रोबो! सॉरी, तुमच्या मिस्टरांचा दावा...” आणि तेवढ्यात अपूर्व स्टेजवर धावला. त्याने तिच्या हातातून माईक ओढला. “थांब, थांब! बाद नाही! या रोबोची पाठ जुन्या साच्यातली आहे. ओरिजिनल. या बाई सांगतायत की ही त्यांच्या नवऱ्याची आहे. डाव्या हाडासकट!” करिश्माला कळायला वेळ लागला, लॉनवरच्या लोकांना त्याआधी कळलं आणि शिट्ट्यांचा पाऊस पडला.

तीन नंबरमधून गोविंदा शेठ फळीला वळसा घालून बाहेर आले. “मंग ती माजी नाय?” त्यांनी बायकोला विचारलं. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. सगुणाबाई म्हणाल्या, “नाय त नाय. तुमची काय कमी हाय का?” आणि त्यांनी त्यांच्या खांद्यावर सदरा टाकला.

बाबा मात्र बाहेर आले नाहीत. करिश्मा ओरडत होती, विजेते दगडू विश्राम येलवे, पुढे या, शाल आणा. दोन नंबरची पाठ चौकटीत तशीच होती, भिंतीकडे तोंड करून. त्यांनी सगळं ऐकलं होतं, म्हातारे बाबासुद्धा.

सासूबाई एकदा पाच नंबरकडे बघत होत्या, एकदा दोनकडे. मग त्या हळूहळू दोनपाशी परत आल्या.

“अहो? हे तुम्ही आहात?”

“हो.” फळीमागून आवाज आला. “आता तरी म्हणशील का?”

“म्हणते ना. तुमचीच होती ती पाठ. टीव्हीतली पण तुमचीच.” त्यांनी पाच नंबरकडे हात केला. “अगदी तुमचीच.”

झालं, बाबांना हवं होतं ते मिळालं. हजार माणसांसमोर, माईकवर, स्पष्ट. मला वाटलं ते आता उड्या मारत येतील. ते वळलेदेखील नाहीत. सासूबाईंनी दोन नंबरच्या मणक्यांवर बोट ठेवलं, मी लावलेल्या पावडरीत रेघ उमटली.

“एवढे वाकलात कधी हो तुम्ही?”

“तू टीव्ही बघत होतीस ना,” बाबा म्हणाले, “तेव्हा.”

लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारा विनोदी आहे. सासूबाई हसल्या नाहीत. त्या फळीमागे गेल्या, बाबांच्या हातातलं बनियन घेतलं, त्यांना हात वर करायला सांगून ते अंगात घातलं आणि त्यांना पुढे स्टेजवर आणलं. शाल आली, नारळ आला, फोटोवाला आला. तो म्हणाला, आजी, बाबांच्या शेजारी उभ्या राहा, चेहरा दिसत नाही तुमचा.

“नाही दिसला तर नाही,” सासूबाई बाबांच्या मागून म्हणाल्या. “मला इथून बघायचंय.”